सांगून केलेला आवाज

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये परवा कागद लागला. सातव्या मजल्यावर कोणाची तरी फरशी उखडायची आहे, दोन आठवडे आवाज होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. सिंगापूरमध्ये असा कागद लावावाच लागतो, त्यात कोणी उपकार करत नाही. तरी तो वाचता वाचता मी माझ्या मजल्यावर उतरायची विसरले आणि वरपर्यंत जाऊन परत खाली आले. काकांनी तो पाहिला असता तर नाक मुरडलं असतं. "कागद काय चिकटवता? पाय आहेत ना? दारावर जाऊन सांगा."

ठाण्याहून येऊन रॅफल्स प्लेसच्या ज्या बँकेत मी नोकरीला लागले, तिथे ते माझे साहेब होते. ऑफिसात सर, ऑफिसबाहेर काका. बुटके, गोरे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, आणि आवाज इतका हळू की ते बोलायला लागले की आधी कोणीतरी उठून एसी कमी करायचं. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी आता पाच मिनिटं श्रेडर चालवणार आहे. चालेल ना?" मला वाटलं, नव्या माणसाची ही काहीतरी परीक्षा असावी. मी घाबरून "हो सर" म्हटलं. मग ते पलीकडच्या टेबलाशी गेले, तिथून त्याच्या पलीकडे. चौदा टेबलं फिरून झाल्यावर त्यांनी तीन कागद फाडले. श्रेडर अर्धा मिनिट चालला असेल.

घरीही तीच तऱ्हा. सेरंगूनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काकूंना चटणी वाटायची असली की काका आधी वर, खाली आणि शेजारी जाऊन यायचे. "माझी बायको दहा वाजता मिक्सर लावणार आहे. दोन मिनिटं. सॉरी हं." काकूंना याचा अतिशय संताप यायचा. त्या म्हणायच्या, "अहो, चटणीच करतेय. सुरुंग लावत नाहीये." पण काका चपला घालून दाराबाहेर पडलेले असायचे. पुढे पुढे तर शेजाऱ्यांना त्यांच्या घरातला चटणीचा वार पाठ झाला. एका रविवारी काकू तापाने पडल्या होत्या, तर साडेदहाला खालच्या मजल्यावरच्या मलाय आजी वर आल्या आणि विचारायला लागल्या, "टुडे नो मिक्सर? एव्हरीथिंग ओके?" काका हा प्रसंग सांगताना दर वेळी थोडे हळवे व्हायचे.

माझा स्वभाव याच्या अगदी उलटा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि इथे आल्यावर त्याला फोनमधलं तक्रारीचं अॅप मिळालं. कॉरिडॉरमध्ये कोणी सायकल ठेवली, काढ फोटो. कोणाच्या टीव्हीचा आवाज मोठा, लिही दोन ओळी. काम होतं, समोरासमोर यावं लागत नाही, नावही कळत नाही. मला ही फार सुधारलेली पद्धत वाटायची. काका म्हणायचे, "तुला माहीत आहे का, आवाज आपला असतो आणि कान दुसऱ्याचे असतात. मग दुसऱ्याला विचारायला नको?" मी म्हणायचे, "काका, सगळे विचारत बसले तर कामं कधी करायची?" त्यावर ते हसायचे.

अशा माणसाने आयुष्यात एकच हौस केली, आणि ती होती एक जुनी डिझेल व्हॅन. आधी ती कुठल्याशा लाँड्रीचे कपडे पोचवायची. काकांनी आत फळ्या ठोकून पलंग केला, खिडक्यांना काकूंच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले, एक छोटा गॅस आणि पाण्याचा कॅन ठेवला. महिन्यातून एकदा शनिवारी हे दोघं आणि ऑफिसातले आम्ही दोन-तीन जण चांगीच्या किनाऱ्यावर जायचो. तिथे परमिट काढून गवतावर तंबू ठोकता येतात, आणि अगदी लागूनच गाड्या उभ्या करायची जागा आहे. आम्ही तंबूत, काका-काकू व्हॅनमध्ये. समोर समुद्र, पलीकडे पुलाउ उबीन बेटाची हिरवी रेघ, आणि डोक्यावर दर चार मिनिटांनी पोटाखालची चाकं दाखवत उतरणारं विमान.

हे विमान महत्त्वाचं आहे. कारण ते गेलं की छाती हादरायची, आणि त्याच जागी काका आपल्या व्हॅनच्या आवाजाची लाज बाळगून असायचे. व्हॅन सुरू होताना आधी खोकायची, मग खाकरायची, मग एकदम गरजायची. हे सगळं मिनिटभर. काकांना रविवारी पहाटेच निघून टेक्का मार्केटला कोथिंबीर घ्यायला जायचं असायचं, म्हणून आदल्या संध्याकाळी ते हातात स्टीलचा डबा घेऊन तंबू-तंबूशी जायचे. डब्यात पातळ पोह्यांचा चिवडा, स्वतः केलेला. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत म्हणून एक पुडी बिनशेंगदाण्याची. वाक्य ठरलेलं असायचं. "गुड ईव्हनिंग. उद्या सकाळी सहा-चाळीसला मी माझी गाडी सुरू करेन. एक मिनिट आवाज होईल. आय अॅम सॉरी इन अॅडव्हान्स." मग चिवडा पुढे. लोक आधी बिचकायचे, मग हसायचे, मग खायचे. काका स्वतः त्या डब्यातला एक दाणा तोंडात टाकायचे नाहीत. "तो लोकांचा डबा आहे," म्हणायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, वर बघा. त्या विमानवाल्यांनी कधी तुम्हाला चिवडा दिला का?"

"विमान आपलं शेजारी नाही गं," ते म्हणाले. "शेजारी म्हणजे ज्याला सकाळी तोंड दाखवायचं असतं तो."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एकदा एका तंबूत तान्हं बाळ होतं, आणि काकांना रात्रभर त्या बाळाची काळजी लागून राहिली. सकाळी साडेसहाला, अजून पुरतं उजाडलेलं नसताना, त्यांनी मला, माझ्या नवऱ्याला आणि ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याला गदागदा हलवून उठवलं. बेत असा होता की व्हॅन न्यूट्रलमध्ये टाकून आपण सगळ्यांनी ती ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची आणि तिथे सुरू करायची, म्हणजे कोणाची झोप मोडणार नाही. आमची मोडली होती, पण आम्ही त्या हिशोबात नव्हतो. अर्ध्या वाटेत तमिळ सहकाऱ्याचा पाय गटाराच्या जाळीवर घसरला आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला. एकेका तंबूची चेन उघडली. लोक डोळे चोळत बाहेर आले, म्हाताऱ्या माणसाला गाडी ढकलताना पाहिलं आणि बिचारे न बोलता मागे येऊन लागले. बाळाचा बाप बाळाला कडेवर घेऊन एका हाताने ढकलत होता.

त्या घोळक्यात बनियन घातलेले एक चिनी गृहस्थ होते, साठीचे, हात चांगले कमावलेले. रस्त्यापर्यंत आल्यावर त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि काकांना विचारलं, "अंकल, इंजिन स्पॉइल आह?"

"नो, नो. इंजिन इज गुड," काका म्हणाले.

"देन व्हाय वी पुश?"

"पीपल आर स्लीपिंग," काका कुजबुजले.

त्या गृहस्थांनी मान वळवून एकेकाकडे पाहिलं. व्हॅनमागे अकरा माणसं धापा टाकत उभी होती, बारावं कडेवर. "हू?" ते म्हणाले. "हू स्लीपिंग?"

अशी त्या दोघांची ओळख झाली. त्या गृहस्थांना आम्ही सगळे नुसतं अंकलच म्हणायचो. त्यांनी जन्मभर घरांच्या दुरुस्तीची कंत्राटं घेतली होती, आता मुलावर धंदा सोपवून ते जवळजवळ दर शनिवारी किनाऱ्यावर यायचे. येताना एक जुना जनरेटर आणायचे, कारण त्यांना पंखा, दिवा आणि मुख्य म्हणजे कराओके लागायचं. जनरेटर टुक-टुक-टुक करत चालायचा आणि त्यावर अंकल जुनी चिनी प्रेमगीतं गायचे. गायचे बरे, पण तो जनरेटर डोकं उठवायचा. काका त्यांना एकदाही "बंद करा" म्हणाले नाहीत. ते चिवड्याचा डबा घेऊन जायचे, शेजारी बसायचे, एक गाणं ऐकायचे आणि विचारायचे, "आज किती वाजेपर्यंत?"

"नाइन ओ'क्लॉक," अंकल म्हणायचे.

"गुड. मी सांगतो." आणि मग हा बँकेतला साहेब माणूस दुसऱ्याच्या जनरेटरची वर्दी देत तंबू-तंबू फिरायचा. नऊ वाजेपर्यंत आवाज आहे, नऊला नक्की थांबेल, थोडा चिवडा घ्या. गंमत म्हणजे लोकांची कुरकुर खरंच थांबायची. "सांगून केलेला आवाज निम्मा होतो," काका म्हणायचे. अंकल नऊच्या ठोक्याला बटण दाबायचे, कारण काका त्यांच्या वतीने शब्द देऊन बसलेले असायचे.

या सगळ्यात काकू कुठे होत्या, तर झोपलेल्या. घडीच्या खुर्चीत बसून, डोक्यावर पदर घेऊन, जनरेटर टुकटुकत असताना त्या दुपारभर गाढ झोपायच्या. आम्हाला त्याचं हसू यायचं. काका म्हणायचे, "उन्हाने दमते ती."

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला आजही जीभ जड होते. एका शनिवारी काका चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरवरच्या खाण्याच्या टपऱ्यांतून आमच्यासाठी नासी लेमाक, नारळाच्या दुधातला भात, आणायला गेले होते. ऑफिसातला आठवडा वाईट गेला होता, माझं डोकं ठणकत होतं आणि अंकलनी जनरेटर लावला. काका परत आले असते, अंकलशी बोलले असते, सगळ्यांना सांगून आले असते. अर्ध्या तासाचा प्रश्न होता. मला तेवढाही धीर धरवला नाही. मी फोटो काढला, दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळाने पार्कचा माणूस सायकलवरून आला. अतिशय सभ्यपणे त्याने अंकलना सांगितलं की तक्रार आली आहे. अंकलनी जनरेटर बंद केला. तो बंद होताच काकू दचकून जाग्या झाल्या आणि मला म्हणाल्या, "बंद का पडली गं?" मला वाटलं, अर्धवट झोपेत काहीतरी बोलतायत. नेमके त्याच वेळी काका पिशव्या घेऊन परत आले, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे त्या पार्कच्या माणसाशी हसून बोलायला लागले, त्याला पाणी विचारलं. अंकल ते लांबून बघत होते. त्यांना जे वाटायचं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका डबा घेऊन त्यांच्याकडे गेले, तर अंकल म्हणाले, "नो नीड." बस, एवढंच. त्यानंतर ते आपला तंबू किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला लावायला लागले. काका प्रत्येक खेपेला विचारायचे, "माझं काय चुकलं असेल गं?" आणि मी, एरवी कोणालाही बोलायला न कचरणारी बाई, समुद्राकडे बघत बसायचे. एकदा सांगायचं राहिलं की पुढे सांगणं अवघड होत जातं. मी दोन वर्षं गप्प बसले.

त्या दोन वर्षांत काका निवृत्त झाले आणि काकूंना विसरायला व्हायला लागलं. आधी मीठ दोनदा पडायचं, मग मेलबर्नला असलेल्या मुलीचं नाव आठवेना, मग झोप गेली. झोप गेली ते सगळ्यात वाईट. दिवस नाही, रात्र नाही, त्या घरभर फिरायच्या, दार उघडून लिफ्टशी जाऊन उभ्या राहायच्या. काका त्यांच्या मागे मागे. गोळ्यांनी त्या नुसत्या गुंगायच्या, पडायच्या. डॉक्टर म्हणाले, हिला झोप मिळाली नाही तर घरी सांभाळणं दोघांच्या जिवावर बेतेल, नर्सिंग होमचा विचार करा. मुलगीही फोनवर रडत तेच म्हणाली. काकांनी फॉर्म आणला, अर्धा भरला आणि कपाटाच्या खणात ठेवून दिला. मला म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपलीय ती. तिथे रात्री उठली तर ओळखीचं कोण असेल?" त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि शर्टाच्या खिशात एकच पेन होतं.

व्हॅनमध्ये बसवून फिरवलं की काकू पेंगायच्या हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण सिग्नलला एकदा काकांचाच डोळा लागला, मागच्या बसने हॉर्न दिला म्हणून वाचले. मुलीने वचन घेतलं, आता चालवायची नाही. आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं इथल्या कायद्यात बसत नाही. काकांच्या तर मुळीच नाही.

काकूंना जरा वारा लागावा म्हणून एका सकाळी मी त्या दोघांना बमबोटीने पुलाउ उबीनला घेऊन निघाले. लाकडी बोट, बारा माणसं भरली की सुटते. इंजिन टुक-टुक सुरू झालं, फळी थरथरायला लागली, डिझेलचा वास आला, आणि इतके दिवस एका जागी न बसणाऱ्या काकूंनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "बाबांनी गिरणी लावली," त्या म्हणाल्या आणि झोपल्या.

काकूंच्या वडिलांची कराडजवळच्या एका गावात पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनवर चालणारी. आई लवकर गेलेली, त्यामुळे लहानपणी काकू दुपारभर गिरणीतच, ज्वारीच्या पोत्यांवर झोपायच्या. हे काकांना ठाऊक होतं, पण चव्वेचाळीस वर्षांत त्याचा झोपेशी संबंध लावायची कधी वेळ आली नव्हती.

बोट दहा मिनिटांत पोचली. काकूंना उठवावं लागलं. काका म्हणाले, "परत जाऊ या." परत आलो. "पुन्हा एकदा." तिसऱ्या खेपेला बोटवाला म्हणाला, "यू फरगेट समथिंग, इज इट?" उतरताना जेटीच्या पायरीवर काकूंचा तोल गेला, मी कसंबसं धरलं, आणि हा उपाय रोजचा नाही हे आम्हाला दोघांनाही कळलं. काकांनी मुलीला सांगून गिरणीच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही मागवलं. काकूंनी फोन हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "ह्यात कुठे पीठ आहे?"

पण ते नंतर. त्या दिवशी जेटीवरच्या बाकावर काकूंना मध्ये घेऊन आम्ही बसलो होतो, आणि मला एकदम ती घडीची खुर्ची आठवली. "बंद का पडली गं?" मी सगळं सांगून टाकलं. तक्रार मी केली होती, अंकलचा संशय तुमच्यावर गेला, आणि त्या जनरेटरच्या आवाजात काकू झोपायच्या.

काका बोलले ते त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजातच, पण तसं बोलणं मी त्यांच्याकडून आधी आणि नंतर कधीच ऐकलं नाही. "दोन वर्षं मी झोपताना विचार करायचो, माझं काय चुकलं. तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"चुकलं काका," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "आपण अंकलना विचारू या. त्यांचा जनरेटर..."

"मी नाही विचारणार. माणूस दुखावलेला असताना त्याच्या दारात स्वतःचं काम घेऊन जायचं?"

"दुखावलं मी आहे."

"मग तू जा," काका म्हणाले.

अंकल कुठे सापडतील हे ठाऊक होतं. चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरवर, सकाळी, कॉफीपाशी. मी समोर बसले आणि अॅप, फोटो, दोन ओळी, पार्कचा माणूस, सगळं सांगितलं. काकूंचंही सांगितलं. ते कपातला चमचा ढवळत राहिले, कॉफीतली साखर केव्हाच विरघळली असेल.

"टू इयर्स," शेवटी ते म्हणाले. "टू इयर्स आय नेव्हर ईट हिज यलो स्नॅक. बिकॉज ऑफ यू."

मी मान खाली घातली.

"यू अँग्री, यू कम टेल मी लाह. आय बाइट यू मेह?" मग त्यांनी कप बाजूला सरकवला. "हाउ मेनी अवर्स शी नीड?"

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटी वेगळंच सांगायचं आहे. त्यानंतर दीड वर्ष, आठवड्यातून तीन दुपारी अंकल जनरेटर घेऊन किनाऱ्यावर यायचे आणि मी किंवा माझा नवरा व्हॅन चालवत काका-काकूंना न्यायचो. दुपारी नीट दोन-तीन तास झोप मिळायला लागली तशा काकू शांत झाल्या, रात्रीही थोड्या झोपायला लागल्या. आठवणी काही परत आल्या नाहीत. पण फिरणं थांबलं, काकांच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. नर्सिंग होमचा अर्धा भरलेला फॉर्म खणातच पिवळा पडला. मागच्या वर्षी ते दोघं मुलीकडे मेलबर्नला राहायला गेले. अंकलनी जनरेटर नीट पुसून, खोक्यात घालून बोटीने पाठवायची तयारी केली होती. मुलीने तिथे तसाच एक शोधला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. तिथल्या शेजाऱ्यांना काकांनी आल्या दिवशीच चिवडा पोचवला, हे वेगळं सांगायला नको.

मला सांगायची आहे ती पहिली दुपार. शनिवार होता, त्यामुळे गवतावर दहा-बारा तंबू होते. मी व्हॅन सावलीत लावली. काका उतरले, मागच्या बाजूने डबा काढला, शर्ट नीट केला. ते पुष्कळ घाबरलेले दिसत होते. आतापर्यंत ते एका मिनिटासाठी माफी मागत आले होते, आणि आज त्यांना दोन तास मागायचे होते, ऐन दुपारचे, लोक आराम करत असतानाचे. "कोणी एक जरी नको म्हणालं, तर आपण परत जायचं," ते मला दोनदा म्हणाले. मग डबा छातीशी धरून पहिल्या तंबूकडे गेले.

मी काकूंना पलंगावर बसवलं, मागचं दार उघडं ठेवलं. त्या पडद्याची कड चुरगाळत होत्या, उठायला बघत होत्या. मी लांबून काकांकडे बघत होते. पहिल्या तंबूपाशी त्यांनी तोंड उघडलं, आतल्या मुलीने काहीतरी सांगितलं, आणि ते तसेच थांबले. दुसऱ्या तंबूपाशी तसंच. तिसऱ्यापाशी एका माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे नाही म्हणतायत असं मला वाटलं.

मग मला अंकल दिसले. शेवटच्या तंबूपुढे उभे होते, स्वच्छ शर्ट घालून, हातात संत्र्यांची पिशवी. बनियन सोडून दुसऱ्या कशात मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. वारा आमच्याकडे होता म्हणून शब्द ऐकू आले.

"गुड आफ्टरनून. टू ओ'क्लॉक टू फोर ओ'क्लॉक, माय जनरेटर, हॅव नॉइज. माय फ्रेंड, हिज वाइफ कॅनॉट स्लीप. दिस वन, शी हिअर, शी कॅन स्लीप. सॉरी इन अॅडव्हान्स, हाँ." आणि पिशवीतून एक संत्रं काढून पुढे केलं. पार्कच्या माणसालाही ते आदल्या दिवशीच सांगून आले होते, हे नंतर कळलं.

दोन वाजता त्यांनी दोरी ओढली. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, चांगला लांब ठेवला होता, तरी ती टुक-टुक जमिनीतून आल्यासारखी आली. काकूंच्या हातातला पडदा सुटला. त्यांनी बाहेर पाहिलं, कोणीतरी ओळखीचं दिसावं तसं पाहिलं. "गिरणी उघडली का," एवढंच म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. वरून विमान गेलं. त्यांची पापणीही हलली नाही.

काका परत आले. झाकण न उघडलेला डबा हातात तसाच होता. "सगळ्यांना आधीच सांगून झालंय," ते म्हणाले. "मला सांगायला कोणी उरलंच नाही." ते काकूंकडे बराच वेळ बघत राहिले. मग अंकल आले, व्हॅनच्या पायरीवर बसले आणि डब्यापुढे हात पसरला. काकांनी त्यांची ओंजळ भरली. मग तेही शेजारी बसले, डबा मांडीवर घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना त्यातला चिवडा खाताना पाहिलं.